फाट्याच्या तोंडावरचं जाळं

खाडीवर पूल नव्हते आणि माणसांना घाई नव्हती, त्या काळची ही गोष्ट.

एका खाडीकाठच्या गावात दोन जावा राहत होत्या, थोरली आणि धाकटी. दोघींची एकेक डोणी होती, झाड कोरून केलेली, एक माणूस आणि एक टोपली मावेल एवढीच. ओहोटीला दोघी कालवं काढायला जात. वल्हं मारण्यात थोरलीचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. ती टोपली भरून परत निघायची तेव्हा धाकटी अजून निम्म्या वाटेवर असायची. "आमची धाकटी म्हणजे गोगलगाय," असं थोरली चारचौघांत म्हणायची आणि चारचौघं हसायची.

एकदा पाणमांजरीची दोन पिल्लं धाकटीच्या डोणीजवळ आली. ओली डोकी, गोल डोळे, मिशांना थेंब. धाकटीने वल्हं आत घेतलं आणि ती गप्प बसून राहिली. एका पिल्लाने डोणीच्या काठावर पंजे ठेवले, टोपली हुंगली आणि ते जोरात शिंकलं. दुसरं त्याच्या पाठीआडून बघत होतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मग रोजच यायला लागली.

गावाला दुसरा विषय उरला नाही. पोरं आजवर थोरलीच्या डोणीत टोपलीच्या जागी बसायचा हट्ट करायची, ती आता धाकटीच्या मागे लागली. थोरलीच्या नवऱ्यानेसुद्धा जेवताना विचारलं, "आज आली होती का गं पिल्लं?" थोरलीने त्याच्या ताटात भाकरी अशी आपटली, की बिचाऱ्याने पुढे कालवणही मागितलं नाही.

खरं सांगायचं तर थोरलीला पिल्लांचं काही पडलं नव्हतं. आजवर गावाच्या तोंडी तिचं नाव होतं, आता धाकटीचं होतं. तिच्या पोटात दुखत होतं ते एवढ्यासाठीच.

"काय खायला घालतेस गो त्यांना?" तिने एकदा विचारलं.

"काही नाही, वैनी. वल्हं आत घेते आणि बसते."

"बसते म्हणे! मला नको सांगू."

खरं उत्तर इतकं साधं होतं की थोरलीला ते लबाडीचं वाटलं. तिने धाकटीची डोणी मागून नेली. पिल्लं दिसताच सपासप वल्हं मारत त्यांच्यावर चालून गेली, आणि पिल्लांनी बुडी मारली. मग तिने मासे टाकले. मासे खायला बगळे आले. टोपलीतली उरलेली मासळीही त्यांनीच पळवली.

शेवटी तिला एक युक्ती सुचली. खाडीचा एक अरुंद फाटा कांदळवनात शिरत होता. भरतीला त्याच्या तोंडावर जाळं आडवं बांधायचं आणि ओहोटीला आत अडकलेली मासळी वेचायची, ही त्या गावाची जुनी रीत. थोरलीने ठरवलं, पिल्लं आत शिरली की तोंड बांधायचं. मग जातील कुठे? येतील माझ्याच डोणीकडे.

तसंच केलं. सगळा पावसाळा बसून विणलेलं नवंकोरं जाळं तिने फाट्याला बांधलं आणि आतल्या बाजूला डोणीत वाट बघत बसली. डोळे पिल्लांवर, मन धाकटीवर. धाकटीची फजिती डोळ्यांपुढे आणून ती गालातल्या गालात हसत होती. खाडीत जन्म गेलेली बाई, पण ओहोटी लागल्याचं तिला कळलंच नाही. डोणी चिखलात रुतून बसली.

वल्ह्याचा काही उपयोग नव्हता. ती नुसती बसून राहिली. आणि उरलेल्या पाण्यातून एक पिल्लू आलं, काठावर पंजे ठेवून तिच्या तोंडाकडे बघू लागलं. धाकटी खोटं बोलली नव्हती तर!

एवढ्यात फाट्याच्या तोंडाकडून बारीक शिट्टीसारखा आवाज आला. दुसरं पिल्लू जाळ्यात गुरफटलं होतं. पलीकडे त्याची आई जाळ्यावर धडका देत होती. आणि आता भरती लागली होती. जे पाणी थोरलीची डोणी सोडवणार होतं, तेच पाणी पिल्लाला बुडवणार होतं.

थोरलीने डोणीतून उडी टाकली. चार पावलांत ती कमरेपर्यंत चिखलात रुतली. ना पुढे जाता येई, ना मागे. पाणी चढत होतं.

वैनी अजून आल्या नाहीत म्हणून धाकटी शोधत आली. जाळ्यापलीकडून तिने थोरलीला पाहिलं आणि ओरडली, "वैनी! थांबा, आले मी!"

"आधी ते पिल्लू!" थोरली ओरडली. "जाळं काप!"

"अवो, नवं जाळं... कोणी बांधलं हितं?"

"मी बांधलं! तुझ्यावर जळून बांधलं! काप म्हणते ना!"

धाकटीने कालवं काढायच्या कोयतीने जाळं उभं चिरलं. आईने पिल्लाला मानेला धरून ओढून नेलं. दुसरंही मागोमाग निसटलं. पाणी थोरलीच्या छातीशी आलं तेव्हा धाकटीने वल्हं पुढे केलं आणि तिला बाहेर ओढलं.

जीव वाचला सगळ्यांचा. पण पाणमांजरीने त्याच दिवशी पिल्लांसकट ती खाडी सोडली.

धाकटी रोज पिल्लं यायची त्या जागी जाऊन वल्हं आत घ्यायची. काही दिवसांनी थोरलीही शेजारी डोणी लावून, वल्हं आत घेऊन बसू लागली. पाणी हलायचं, दोघी वाकून बघायच्या. पण तो नुसता बोईट मासा उडालेला असायचा.

तात्पर्य : हेवा करून दुसऱ्याचं सुख आपल्याला मिळत नाही, ते फक्त दोघांचंही जातं.