वामनरावांची पेटी

एका धरणावर हेमांगी नावाची इंजिनीअर होती. ती हुशार होती, आणि ते तिला ठाऊकही होतं. नदीकाठच्या सात गावांचे भोंगे वाजवणारा जुना संगणक वीज पडून जळाला, म्हणून तिने नवा आणून बसवला. त्यावर भोंग्यांचा प्रोग्राम चालायला इंटरनेटवरच्या एका भांडारातून पॅकेज, म्हणजे त्याला लागणारा तयार जोडभाग, उतरवून घ्यायचं होतं. चहा निवेपर्यंत होईल, असं ती म्हणाली.

डोंगरात पाऊस कोसळला होता आणि चार वाजता धरणाचे दरवाजे उघडावेच लागणार होते. खाली पाणी ओसरलेल्या पात्रात माणसं गुरं चारायला उतरली होती. सांगायला जीप धाडली होती, पण एक जीप किती ठिकाणी पोचणार? भोंगा वाजला तरच ती माणसं वर येणार होती.

हेमांगीने पॅकेज मागितलं. पडद्यावरची रेघ जागची हलेना. तीस सेकंदांनी अक्षरं उमटली: वेळ संपली. पुन्हा मागितलं, पुन्हा तेच. तिने वाट पाहण्याची मुदत पाच मिनिटांवर नेली, तर पाच मिनिटं शांतता आणि मग तेच. भांडार बदललं, तरी तेच. कुणी नाही म्हणालं असतं तर ती भांडली असती. पण पलीकडून नकारसुद्धा येत नव्हता. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं ते होतं. भर दुपारी, लख्ख उजेडात तिच्या अंगावर काटा आला.

"भांडारवालेच झोपलेत मेले," ती चिडून म्हणाली. मग तिने आपल्या मोबाईलवर, मोबाईलच्याच इंटरनेटवरून, तेच भांडार उघडून पाहिलं. ते लगेच उघडलं. मोबाईल त्या संगणकाला जोडायला सक्त मनाई होती, पण एक गोष्ट कळली. तिची मागणी गिळणारं जे काही होतं, ते याच खोलीत होतं.

कोपऱ्यात फायरवॉलची, म्हणजे संगणकांवर पहारा देणारी, पेटी होती. इंटरनेटवरून आतबाहेर जाणारं सगळं तिच्यातूनच जायचं. वामनराव नावाच्या साहेबांनी ती बसवली आणि त्याच वर्षी ते वारले. तेव्हापासून अकरा वर्षं दर खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागत होतं, झेंडूची माळ पडत होती. आत काय लिहिलंय ते मात्र एकानेही पाहिलं नव्हतं.

"हात नका लावू, मॅडम," जुने ऑपरेटर निवृत्तीतात्या म्हणाले. "वामनरावसायबांनी बशिवलंय त्ये."

"त्यांना आता विचारता येत नाही, तात्या. लिहिलेलं वाचता तर येईल? पासवर्ड कुणाकडे आहे?"

"माझ्याकडं हाय," तात्या म्हणाले. "अकरा वर्सांत कुणी इचारलाच न्हाई."

पेटी उघडली. वर एकच हुकूम होता: यादीत नाव नसेल त्याला आत घेऊ नये, बाहेर सोडू नये, उत्तरही देऊ नये. खाली दार वाजवून गेलेल्यांची नोंद होती. कुठल्या कुठल्या अनोळखी ठिकाणांहून कुणी ना कुणी सतत दार वाजवत होतं. आत्ताही वाजवत होतं. आणि त्या परक्यांच्या रांगेत तिला स्वतःच्याच संगणकाचा नंबर दिसला. एकदा, दोनदा, चौदा वेळा. तिला हवं असलेलं भांडार यादीत नव्हतं, म्हणून मेलेल्या माणसाच्या हुकुमाने तीही परकी ठरली होती. हेमांगी घाबरली, अगदी मनापासून घाबरली.

"काढूनच टाका ती पेटी," तात्या पुटपुटले.

तिचा हातही वायरीकडे गेला होता. सव्वातीन वाजले होते. पण बाहेर दार वाजवणारे ते कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने हात मागे घेतला, वरिष्ठांना फोन लावून परवानगी घेतली आणि यादीत एका भांडाराचं नाव लिहिलं. एकच.

पॅकेज बघता बघता उतरलं. साडेतीनला सातही गावांत भोंगे वाजले. धरणाच्या भिंतीवरून तिला ठिपक्यांएवढी माणसं गुरं हाकत वर चढताना दिसली, आणि तिला रडू आलं. पाणी आलं तेव्हा पात्रात मागे राहिलेली एक चूल धुमसत होती. पाण्याने ती विझवली आणि ते पुढे गेलं.

तात्पर्य: पहारेकऱ्याला नुसता नमस्कार करू नये, तो कुणाचा हुकूम पाळतो आहे, ते अधूनमधून वाचत जावं.