न दिलेले उत्तर

एकदा एका तरुणाने संगणकासाठी गड बांधण्याचा खेळ तयार केला. तट, बुरूज, पाण्याचे टाके, धान्याचे कोठार, सगळे खेळणाऱ्याने एकेक दगड रचून उभारायचे. दोन दिवसांनी हा खेळ तालुक्यातल्या वाचनालयांत बसवला जाणार होता, त्यामुळे स्वारी खुशीत होती. ज्या वृद्ध गुरुजींनी त्याला जावा ही संगणकाची भाषा शिकवली, त्यांच्याकडे तो शाबासकी घ्यायला गेला. शिवाय त्यांना वाचायला दिलेली एक वही परत न्यायची होती. त्या वहीत पुढच्या खेळाचे नकाशे होते; वर्षभर डोंगर पालथे घालून त्याने ते हाताने काढले होते आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती.

बोलता बोलता त्याने एक पत्र हसत हसत वाचून दाखवले. खेळ आधी काही जणांना घरी खेळून पाहायला दिला होता; त्यांतल्या एका निवृत्त परिचारिकेने लिहिले होते, "एकोणीस दिवस खपून गड बांधला. चुकून 'नवा डाव'वर बोट पडलं. जुना डाव पुसायचा का, असं विचारणारी चौकट आली. तेवढ्यात दूध उतू चाललं, म्हणून कोपऱ्यातली फुली दाबून चौकट बंद केली आणि उठले. परत येऊन बघते तर गड नाही."

"मग यात चूक कोणाची?" गुरुजींनी विचारले.

"त्यांचीच की! 'हो' आणि 'नाही' अशी दोन ठळक बटणं दिलीत मी. 'नाही' दाबायला काय जात होतं? मी लिहिलंयच तसं: उत्तर 'नाही' नसेल, तर जुना डाव पुसा."

इतक्यात शिष्याचा फोन वाजला. वाचनालयातून होता. तो बोलत बोलत अंगणाच्या टोकाला गेला. मागून गुरुजींनी विचारले, "अरे, ही तुझी वही हौदात टाकू का?" शब्द कानावर पडले, पण फोनच्या नादात उत्तर द्यायचे राहून गेले.

धप्पकन आवाज झाला. शिष्य धावत आला. हौदात वही बुडत होती आणि वेष्टनावर त्याने लिहिलेल्या नावाची शाई पाण्यात पसरत होती.

"गुरुजी, हे काय केलंत!" त्याला रडू फुटायचेच बाकी होते.

"विचारून टाकली."

"पण मी हो कुठे म्हणालो?"

"नाही तरी कुठे म्हणालास?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "बाबा, तुझ्या चौकटीत बटणं दोन असली, तरी उत्तरं तीन येतात. 'हो'चा आकडा शून्य, 'नाही'चा एक. फुली दाबून माणूस उठला, की जावा तुझ्या हाती उणे एक ठेवते. म्हणजे माणसानं काहीच सांगितलं नाही. ते तू होकारात जमा केलंस. जे पुन्हा उभं करता येत नाही, ते मोडायला स्पष्ट होकार लागतो. तो मिळेपर्यंत हात लावायचा नाही."

मग त्यांनी घरात जाऊन फडताळ उघडले आणि खरी वही त्याच्या हाती दिली. हौदात गेले होते ते तिचे वेष्टन. शिष्य फोनवर असताना गुरुजींनी आत रद्दी कोंबली होती. शिष्याने वही छातीशी धरली. जीव भांड्यात पडला.

"तुझी वही फडताळात होती," गुरुजी म्हणाले. "त्या बाईंचा गड कोणत्या फडताळात आहे?"

शिष्य तिथेच ओसरीवर बसला, लॅपटॉप उघडला आणि एक ओळ बदलली: उत्तर 'हो' असेल, तरच पुसा. फुली तीन वेळा दाबून पाहिली. गड जागच्या जागी राहिला. मग त्याने बाईंच्या पत्राला उत्तर लिहायला घेतले. 'चूक माझी आहे' हे पहिले वाक्य चटकन उतरले. दुसरे सुचायला फार वेळ लागला.