धुरपाच्या भाजीचं मीठ

शेळी मेली नाही. धुरपाला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच.

ही आपल्या खापरपणजीच्याही आधीची गोष्ट. बोरथळी गावात तेव्हा सलग दुसऱ्या वर्षी कणग्या रिकाम्या होत्या. धान्य होतं ते टेकडीवरच्या गढीत, कारभाऱ्यांकडे. गढीवर जाईल त्याला दोन वेळा पेज मिळायची, पण त्याने तटासाठी दगड वाहायचे आणि तट पुरा होईपर्यंत घरी परतायचं नाही. तट काही पुरा होत नव्हता. गेलेलं एकही माणूस परत आलं नव्हतं.

तरी बोरथळी तग धरून होती ती माळावरच्या कुर्डूवर. हा पाला कुणी पेरत नाही, कुणी राखत नाही, आषाढात आपला आपण गुडघाभर वाढतो. मग गावात दोन माणसं तापाने गेली आणि लगोलग गढीवरून दवंडी आली, "माळावरच्या पाल्यात विष उतरलंय! सकाळी खाईल तो दुपारच्या आत मरेल!" लोकांनी भिऊन चुली विझवल्या. चार दिवस पाण्यावर काढले. पाचव्या दिवशी दुपारी झाडून सगळ्यांनी गढीवर जायचं ठरलं.

चौथ्या दिवशी धुरपाने कारभाऱ्यांची शेळी माळावर कुर्डू ओरबाडताना पाहिली. पाचव्या दिवशी सकाळी तीच शेळी तिथेच, तोंड हलवत उभी.

आता ही धुरपा कोण, तर गावातली सगळ्यात भित्री सून. पाल चुकचुकली तरी हातातलं भांडं टाकायची. तिची मोठी जाऊ कोंडाबाई तिला वेंधळी म्हणायची, कारण धुरपा पाल्याचा ढीग बघून मीठ घालायची. तव्यावर पाला बसून मूठभर व्हायचा, मीठ मात्र ढिगाचं राहायचं. घरभर बोंब.

"आक्का, शेळी मेली नाही," धुरपा धावत येऊन म्हणाली.

कोंडाबाई गाठोडं बांधत होती. "शेळी रुईसुद्धा पचवते. तू काय शेळी आहेस?"

हेही खरंच होतं. शेळीची साक्ष चालणार नव्हती. माणसाचीच हवी होती.

धुरपा माळावर गेली आणि ओटीभर कोवळे शेंडे खुडून आणले. घरात नाही, चावडीसमोर उघड्यावर तीन दगड मांडले. लोखंडी तवा ठेवला, तेलाचं बोट फिरवलं, लसणाच्या चार पाकळ्या ठेचून टाकल्या, एक सुकी मिरची मोडली, वर हिरवागार ढीग. झाकण ठेवलं नाही. सगळ्यांना दिसायला हवं होतं.

इतक्यात गाव हाकून न्यायला आलेला गढीचा शिपाई मानाजी मागून गरजला, "कुणाच्या हुकमाने चूल पेटवलीस गं?"

धुरपा अशी दचकली, की मुठीतलं सगळं मीठ ढिगावर सांडलं.

"पोटाच्या," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण म्हणाली.

"दुपारपर्यंत मरशील."

"मग बसा की दुपारपर्यंत. बघूनच जा."

विडा चघळून होईल तेवढ्या वेळात भाजी झाली. धुरपाने ती तव्यातूनच खाल्ली, शेवटच्या पानापर्यंत. डोळ्यांतून पाणी आलं, ते भीतीचं की मिठाचं, कुणास ठाऊक. वर अख्खी घागर पाणी प्यायली आणि मांडी घालून बसली. गाव दारांच्या फटींतून बघत होतं. मानाजी समोरच्या दगडावर बसून तिच्या पडण्याची वाट बघत होता.

असं म्हणतात, की त्या दिवशी सूर्यालाही खात्री करून घ्यायची होती. तो डोक्यावर आला आणि दुप्पट वेळ थांबला. मानाजीची सावली त्याच्या पायाखाली शिरली ती बाहेर येईना. धुरपा बसूनच होती.

मग ती उठली, माळावर जाऊन दुसरी ओटी भरून आणली आणि पुन्हा तवा तापवला. असं म्हणतात, की त्या लसणाचा वास टेकडी चढून गढीत शिरला आणि दगड वाहणाऱ्यांनी खांद्यावरचे दगड तिथल्या तिथे खाली टाकले. ते दगड उतारावर अजून आहेत. गुरं त्यांना अंग घासतात.

पाला तव्यात चुरचुरत बसू लागला. धुरपाने हाक दिली, "भाजी झाली गं, या!"

कुणी ओ दिली नाही.

आजही आषाढाच्या शेवटच्या दिवशी बोरथळीत चावडीसमोर तीन दगड मांडतात. गावातली सगळ्यात नवी सून कुर्डू परतते, झाकण न ठेवता. ती मीठ मुठीत धरून हाक देते. पहिल्या दोन हाकांना सगळं गाव गप्प राहतं, पोरंसोरंसुद्धा. त्या दिवशीची भाजी खारट झाली तरी खारट म्हणायचं नाही.

पण त्या पहिल्या दिवशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. धुरपाने दुसरी हाक दिली. दारं बंदच. मानाजी हसला. "कोण येतंय तुझ्या पंक्तीला? चल, ऊठ!"

धुरपाने तिसरी हाक दिली, घसा फाटेस्तोवर, आणि मिठाची मूठ तव्यावर धरली.

कोंडाबाईने घराची कडी काढली. गाठोडं तिने उंबऱ्यातच टाकलं होतं.

"थांब, वेंधळे!" ती ओरडली. "मीठ घालू नकोस! बसू दे पाला. आले मी!"