तेलिणीचे पुसलेले हात

एका राज्यात, जिथं झाडं बोलत नसत पण पाखरं बोलत, एक शाप नांदत होता. ज्याचं देणं महाल थकवी, तो माणूस हळूहळू पुसला जाई. आधी बोटं जात, मग मनगटं, मग खांदे, शेवटी तोंड. तोंड गेलं की माणूस कुणालाच दिसेनासा होई. महालाच्या दाराशी एक कुंभार आणि एक पिंजारी असेच उभे असत. त्यांचा नुसता आवाज ऐकू येई, आणि द्वारपाल म्हणे, "इथं तर कुणीच नाही!"

त्या राज्यात ठकुबाई तेलीण राहत होती. घरी एक घाणा, एक बैल आणि रायाजी नावाचा नवरा. महालातल्या हजार दिव्यांत तेल तिचंच जळे. दर आठवड्याला घडे जात, आणि उत्तर येई, "पैसे उद्या." अशी तीन वर्षं गेली. तीळवाला मात्र तीळ रोखीनं देई. ठकुबाईनं पाटल्या मोडल्या, मग हंडा मोडला.

एके सकाळी तिनं भाकरी वाढली आणि रायाजी दचकला. "अगं, भाकरी आपली आपण ताटात आली!"

तिचे हात कोपरापर्यंत गेले होते.

"अहो, घाबरू नका," ती म्हणाली.

"घाबरू नको तर काय करू? उद्या तुझं तोंड गेलं, तर मी भांडू कुणाशी?"

ठकुबाई रडली नाही. तिनं पदर खोचला आणि वाट धरली.

तळ्याकाठी टिटवी बसली होती. तिनं विचारलं, "कुठं गं?"

"माझे पैसे आणायला."

"खजिनदार कुहकनाथ जादूगार आहे. त्यानं महालाच्या साऱ्या खिडक्या बुजवल्या. आत सूर्य उगवत नाही, म्हणून आत उद्या उजाडत नाही. राजाला वाटतं, तीन वर्षं अजून आजच चाललंय."

ठकुबाई महालात शिरली. कुहकनाथ गादीवर लोडाला टेकून बसला होता. तो गोड हसला. "देऊ की, बाई. तीन कामं कर. पहिलं: तेल पोचल्याचा शिक्का विहिरीतल्या कासवाकडून आण."

ती विहिरीत उतरली. कासव शंभर वर्षं झोपलं होतं. तिनं त्याच्या पाठीवर न दिसणाऱ्या मुठीनं असं बडवलं, की त्यानं डोळे न उघडताच शिक्का उमटवला.

"दुसरं: तुझं तेल तर जळून गेलं. किती जळलं, याला साक्षीदार आण."

तिनं छतावरची काजळी खरवडून त्याच्यापुढं टाकली. काजळी बोलली, "नऊशे छत्तीस घडे. एक थेंब कमी नाही."

कुहकनाथाचं हसू किंचित आंबलं. "तिसरं सोपं आहे. आणखी शंभर घडे आण. ते आले, की मागचं सारं एकदम देतो. नाही आणलेस, तर मागचंही बुडालं समज."

ठकुबाईचं पाऊल घराकडं वळलं. दर वेळी ती हेच ऐकून वळली होती. जुनं बुडू नये म्हणून नवं द्यायचं, आणि नवं दिलं की तेही जुनं व्हायचं. दाराशी कुंभाराचा आवाज आला, "बाई, मीही शेवटची शंभर मडकी दिली होती. त्याच दिवशी माझं तोंड गेलं."

ती गर्रकन मागं फिरली. "बुडालं तर बुडालं! पण आजपासून थेंब मिळणार नाही. कासवाला सांग, तेल गाळ म्हणावं."

"दुसरे तेली आहेत," कुहकनाथ गुरगुरला.

तोवर टिटवी गावोगाव ओरडत सुटली होती, "महाल देणं थकवतो! महाल देणं थकवतो!" एकाही घाण्यावरून घडा निघाला नाही.

दिवे एकेक करून विझले. भर दुपारी महालात काळोख झाला. राजा चाचपडत भिंतीशी आला, ठेचकाळला, चिडला, आणि पहार घेऊन त्यानं स्वतः भिंत फोडली. ऊन आत घुसलं. तीन वर्षांचे सारे उद्या एकदम उजाडले. परक्याच्या पैशावर पोसलेला कुहकनाथ उन्हात मेणासारखा वितळला. खजिन्यात जमिनीला चिकटून बसलेल्या मोहरा सुटल्या आणि गडगडत ज्याच्या त्याच्या दारी गेल्या. कुंभार दिसू लागला, पिंजारी दिसू लागला. ठकुबाईची बोटं परत आली, तीही मूठ वळूनच.

महिन्यानं राजा स्वतः घाण्यावर आला. "ठकुबाई, तेल हवं. तुम्ही गावाला महिन्याची उधारी देता, असं ऐकतो."

"देते. जे वेळेवर फेडतात, त्यांना."

"आणि आम्हाला?"

"तुम्हाला रोख, महाराज. वर्षभर नीट वागा, मग बघू."

राजानं कमरेची थैली सोडली. ठकुबाईनं मोहरा मोजून घेतल्या, आणि मगच मापाला हात लावला.