जाबाच्या दगडावरची गादी

लहानथोरांनो, ही गोष्ट इतकी जुनी आहे की तेव्हाच्या राजाचं नाव विचाराल तर मलाही सांगता येणार नाही. त्याच्या राज्यात नदीकाठी एक शहर होतं. शहराला तट होता, तटाला वेशी होत्या आणि शहर राखायला एक कोतवाल होता.

त्या शहराची एक रीत होती. बाजाराच्या मधोमध एक सपाट काळा दगड होता. त्याला जाबाचा दगड म्हणत. दर अमावस्येला कोतवालानं तलवार आणि जोडे काढून त्यावर उभं राहायचं. कुणीही यावं, काहीही विचारावं. माझी शेळी कोंडवाड्यात का घातली, इथपासून माझ्या मुलाला शिपायांनी का मारलं, इथपर्यंत. शेवटच्या माणसाला उत्तर मिळालं की मगच खाली उतरायचं. उन्हाळ्यात दगड तापायचा, पाय पोळायचे. तरी एकाही कोतवालानं कधी कुरकुर केली नव्हती.

एके वर्षी लुटारूंची धाड आली. नदीकडच्या वेशीत कोतवाल स्वतः उभा राहिला आणि त्यानं त्यांना आत पाऊल टाकू दिलं नाही. शहर वाचलं. कोतवालानं ती वेस बंद करून तिला भलंमोठं कुलूप घातलं. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि घ्यायलाच हवं होतं. उपकार विसरणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत.

पण अति तिथे माती. पुढच्या अमावस्येला कोतवाल दगडावर चढला, तसा नगरशेठ पुढे आला.

"ज्यानं आपले प्राण वाचवले, त्याला असं अनवाणी उभं करायचं? आपल्याला लाज कशी वाटत नाही?"

लोकांना ते पटलं. दगडावर गादी आली. मग लोड आला, वर छत आलं. प्रश्न विचारायला येणारा आधी कोतवालाला हार घालू लागला, आणि एकदा हार घातल्यावर जाब विचारायला जीभ रेटेना. बघता बघता अमावस्या हा कोतवालाच्या कौतुकाचा दिवस झाला.

कोतवाल माणूस वाईट नव्हता. पहिल्यांदा गादीवर बसताना तो अवघडला. नंतर अवघडायचा थांबला. मऊ गादीची सवय कुणाला लागत नाही?

नदीवेशीलगत रंगाऱ्यांची गल्ली होती. अरुंद, दोन्हीकडे घरं, घराघरात रंग उकळायच्या भट्ट्या. गल्लीचं एक टोक बाजारात निघायचं, दुसरं त्या बंद वेशीपाशी संपायचं. एका अमावस्येला तिथली एक रंगारीण दगडासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात हार नव्हता.

"कोतवालसाहेब, नदीवेशीची किल्ली कुणाकडे आहे? माझी लेक वेशीजवळच्या खोलीत दिवसभर कापड वाळवते. गल्लीच्या तोंडाशी आग लागली, तर आम्ही बाहेर पडायचं कुठून?"

किल्ली कुणाकडे आहे, हे कोतवालाला ठाऊक नव्हतं. 'बघून सांगतो' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात गर्दी खवळली.

"ए बाई, जिभेला काही हाड आहे का?"

"आज जिवंत आहेस ती कुणामुळे?"

"खाल्ल्या घरचे वासे मोजतेय मेली!"

लोकांनी तिला ढकलत मागे नेलं. कोतवालानं उघडलेलं तोंड मिटलं. त्याला हायसं वाटलं. आणि दुसऱ्या दिवशी तो किल्लीचं विसरून गेला.

उन्हाळा आला. एका भर दुपारी गल्लीच्या तोंडाशी भट्टी भडकली. वाळत घातलेल्या कापडांवरून आग घराघरावर चढली. माणसं नदीवेशीकडे धावली. वेशीला कुलूप होतं आणि किल्ली कुणालाच सापडेना. कोतवाल दुसऱ्या वेशीतून वळसा घालून बाहेरच्या बाजूनं धावत आला. कुऱ्हाड घेऊन त्यानं स्वतः दार फोडलं, त्यात त्याचे दोन्ही हात भाजले. पुष्कळ माणसं वाचली. दाराशी चेंगरलेली वाचली नाहीत. त्यांत रंगारणीची लेक होती.

पुढच्या अमावस्येला कोतवाल बाजारात आला. त्यानं गादी आणि लोड खाली फेकले आणि तो अनवाणी दगडावर उभा राहिला. समोर तीच गर्दी होती. आता तिच्या हातात हारांऐवजी धोंडे होते.

"किल्ली कुठे आहे ते मला त्या दिवशीही ठाऊक नव्हतं," कोतवाल म्हणाला. "तुम्ही बाईला गप्प केलंत, तेव्हा मला बरं वाटलं. माझा गुन्हा तो आहे. द्याल ती शिक्षा मला मान्य आहे."

"मारा!" नगरशेठ ओरडला.

तेव्हा रंगारीण पुढे आली. तिनं कोतवालाकडे नीट पाहिलं आणि गर्दीकडे तोंड केलं.

"यांना शिक्षा व्हायलाच हवी. राजा ती देईल. पण मी वेळेवर विचारलं होतं. हे तोंड उघडत होते, मी डोळ्यांनी पाहिलं. माझी लेक तेव्हा जिवंत होती. मला मागे ढकलणारे हात कुणाचे होते, तेवढं सांगा, आणि मग खुशाल धोंडा मारा."

बाजारात कुणाचाही हात वर झाला नाही. नगरशेठ मान खाली घालून निघून गेला.

राजानं कोतवालाची तलवार काढून घेतली. शहरानं आपल्या जुन्या रीतीला एक नियम जोडला: जाब विचारणाऱ्याला जो गप्प करील, त्यानं कोतवालाशेजारी त्याच दगडावर उभं राहायचं आणि त्या प्रश्नाचं उत्तर स्वतः द्यायचं. नियम चांगला होता. रंगारणीच्या लेकीला मात्र त्याचा काही उपयोग नव्हता.

तात्पर्य: राखणदाराचे उपकार जरूर मानावेत, पण त्याला जाब विचारणं कधी सोडू नये.