न दिसणाऱ्या लहरी

नजमा तडवी यावलची. जन्मापासून तिला दृष्टी नव्हती, पण भौतिकशास्त्रात ती विद्यापीठात पहिली आली होती. एका संस्थेत रेडिओ दुर्बिणीवर संशोधन करण्यासाठी जागा निघाली, तेव्हा लेखी परीक्षेत तिनं सगळ्यांना मागं टाकलं. आता फक्त मुलाखत उरली होती.

मुलाखत समितीचे अध्यक्ष होते डॉ. मुजुमदार. तीस वर्षं आकाशाचा अभ्यास केलेले, आणि ते कुणाला विसरू न देणारे. नजमा खुर्चीवर बसते न बसते तोच ते म्हणाले, "हे बघ मुली, तुझी जिद्द मोठी आहे. पण हे आकाशाचं काम. जिला एक तारा दिसत नाही, तिनं इथं येऊन करायचं काय?"

नजमानं शांतपणे विचारलं, "सर, आपली दुर्बीण आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडते ना?"

"अर्थात!"

"त्या तुम्हाला दिसतात?"

मुजुमदार हसले. "अगं, रेडिओ लहरी कुणालाच दिसत नाहीत. संगणक त्यांचा आलेख काढतो, तो आम्ही बघतो."

"म्हणजे सर, त्यांच्या बाबतीत आपण दोघंही आंधळेच. तुमचा संगणक तुम्हाला चित्र काढून दाखवतो, माझा मला तेच आकडे आवाजात ऐकवतो. मदतीशिवाय तुमचंही भागत नाही."

समितीतले बाकीचे दोघं खाली मान घालून हसू दाबू लागले. मग पहिल्यांदाच तिला 'तुम्ही' म्हणत मुजुमदारांनी विचारलं, "तुम्ही रुजू कधी होऊ शकाल?"