दोन गुणांची भोरी

फार मागे, एका डोंगराच्या कुशीत गव्यांचा कळप राहत होता. रानकुत्र्यांचा हल्ला परतवला की झाडावरचा वानर प्रत्येक गव्याला दहापैकी गुण द्यायचा. सर्वांत कमी गुण मिळतील त्याने कळपाबाहेर चरायचं, असं ठरलं होतं.

एकदा भोरी नावाच्या मादीला दोनच गुण पडले. "ही जागची हललीच नाही," वानर म्हणाला.

भोरी कळपाच्या म्होरक्याकडे वळली. "दादा, वासरांपुढची वाट अडवून उभी राहा, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"सांगितलं होतं," म्होरक्या मान खाली घालून म्हणाला. "पण ते वानराला कुठं ठाऊक? गुण दोनच आहेत."

भोरी एकटी पडली. पान वाजलं तरी तिला धडकी भरायची. तिच्या जागी नऊ गुणांचा खोंड उभा राहिला. तिसऱ्या दिवशी कुत्रे आले, तसा तो गुणांच्या आशेने त्यांच्यावर धावून गेला आणि वाट मोकळी पडली. कुत्र्यांनी एक वासरू ओढून नेलं.

भोरी थरथरतच धावली आणि वाटेत जाऊन उभी राहिली. उरलेली वासरं तिच्या पोटाखाली दडली.

"खोंडाला दहा!" वरून आवाज आला. "भोरी पुन्हा नुसतीच उभी. एक!"

कुत्रे पुन्हा जवळ येत होते. म्होरक्या भोरीला खेटून उभा राहिला.

"भोरी," तो कापऱ्या आवाजात म्हणाला, "हलू नकोस गं."